यंत्रबुद्धि आणि विद्यार्जन

कविवर्य मोरोपंत इ. स. १७२९ मध्यें आपल्या पन्हाळगडावर जन्मले व येथेंच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्यापाशीं शास्त्रें शिकले. त्या काळीं शिष्यानें पाठ म्हणावा व गुरूनें चूक दाखवावी, अशी विद्येची रीत होती. आज गडावरून कोल्हापुरास महाविद्यालयांत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं निराळेंच साधन आहे. तें म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता.

इ. स. २०२२ च्या नोव्हेंबरांत ‘चॅटजीपीटी’ निघाल्यापासून निबंध असो वा गणित, उत्तर क्षणांत मिळतें. हें यंत्र अपार लेखनावरून कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधतें. म्हणून त्याचें उत्तर सुबक असूनहि कधीं कधीं चुकीचें असतें.

यानें विद्या वाढते काय? तुर्कस्तानांतील एका हायस्कुलांत सुमारें एक हजार विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इ. स. २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. यंत्राच्या साह्यानें गणिताच्या सरावांत गुण शेंकडा ४८ नीं वाढले; परंतु यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतां, तेच विद्यार्थी यंत्राविना शिकलेल्यांहून शेंकडा १७ नीं मागें पडले. जेथें यंत्र उत्तर न सांगतां केवळ सूचना देई, तेथें ही हानि बहुतांशीं टळली.

तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, प्रथम स्वतः प्रयत्न करावा, अडल्यास सूचना मागावी व मिळालेलें उत्तर ग्रंथांत पडताळून पाहावें. यंत्रानें गुरूप्रमाणें चूक खुशाल दाखवावी. पाठ मात्र आपणच म्हटला पाहिजे.