शाळेची वाट आणि मोटारीचा वेग
शिरवळ हे पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. समजा, शाळेला निघालेले मूल मोटारीपुढे २५ मीटरवर रस्त्यात आले. वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर चालक ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ८ मीटर जाते व कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरांत थांबते. वेग ६० असेल तर? त्या सेकंदातच १७ मीटर संपतात. मुलाला धडकताना वेग अजून सुमारे ४६ असतो! (मंदन ७ मीटर प्रतिसेकंद वर्ग धरून नववीच्या वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.) राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतील मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, २०२२ मध्ये ही रक्कम ५००० रुपये झाली. ती हवीच. शाळेपुढच्या गतिरोधकाचा व पदपथाचा खर्चही आम्हाला तितकाच निकडीचा वाटतो. ग्रामसभेत तो मागताना हे आकडे फळ्यावर मांडावेत.