वढवाण्याचा गाळ, विश्वामित्रीचा काठ

जानेवारीत वढवाण्याच्या बांधावर पहाटे उभं राहिलं, की पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतात. रात्रभर शेतांत कोवळे कोंब चरलेले पट्टकादंब हंस ओरडत तलावावर परततात. हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी झोपतो पाण्यावर, पण पोट भरतो शेतात. बडोदा जिल्ह्यातल्या डभोई तालुक्यात शेत आणि तलाव असे एकमेकांत गुंतले आहेत.

हा तलाव मुळात निसर्गाने केलेला नाहीच. छप्पनिया दुष्काळानंतर दहाएक वर्षांत, १९१० च्या सुमारास, सयाजीरावांच्या बडोदा संस्थानाने तो सिंचनासाठी बांधला. ओरसंग नदीवरच्या जोजवा बंधाऱ्यातून कालव्याने इथे पाणी येतं आणि आसपासच्या पंचवीस गावांची शेती त्यावर पिकते. २०२१ मध्ये सुमारे ६३० हेक्टरच्या या पाणथळीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे जागतिक महत्त्वाची ठरलेली ही जागा शेतकऱ्यांच्या गरजेतून जन्मली.

तिचं मर्म पाणी उतरण्यात आहे. रब्बीसाठी पाणी सुटतं, तसा तलाव काठाकडून उथळ होत जातो आणि रोज थोडा नवा गाळ उघडा पडतो. त्या गाळात बोटभर पाण्यात तुतवार चोच खुपसतो. थोडं आत, लांब गुलाबी पायांवर शेकाट्या चालतो. गुडघाभर पाण्यात चमचा आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत मासे चाळतो, आणि मध्यावरच्या खोल पाण्यात लालसरी बुडी मारते. एका तलावात चार खोल्यांचं घर असल्यासारखं आहे. पातळी स्थिर ठेवली, की काठच्या खोल्या बंद होतात. गुजरातेतल्या अनेक तलावांत आता नर्मदेचं पाणी सोडलं जातं. शेतीला त्याचा मोठा आधार आहे, पण जो तलाव वर्षभर काठोकाठ राहतो, त्यात गाळावर जगणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही.

दुसरा बदल पाण्याच्या आत होतो. शेतातलं खत आणि शहरातलं सांडपाणी तलावात उतरलं, की शेवाळ आणि जलपर्णी माजतात. ती कुजताना प्राणवायू ओढून घेतात. चतुराची पिल्लं, शंख-शिंपले, नाजूक मासे आधी जातात. उरतात त्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे अगदी कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. शेकाट्याला त्या चालतात, म्हणून तो नाल्याकाठीही सुखाने फिरताना दिसतो. कमळाच्या पानांवर चालणारा आणि तिथेच अंडी घालणारा कमळपक्षी मात्र तरंगती पानं नसलेल्या नाल्याकाठी राहू शकत नाही. पक्षी मोजले तर आकडा कदाचित भरपूर येईल. फरक दिसतो तो यादी वाचताना. जिकडेतिकडे तेच गायबगळे, तेच शेकाटे, तेच कावळे.

सारसाचं उदाहरण उलट बाजूचं. शेजारच्या खेडा जिल्ह्यात आणि आपल्याकडे गोंदियात तो भाताच्या खाचरातच घरटं बांधतो. तिथे शेती हाच त्याचा अधिवास आहे. जीव जातो तो खाचरं बुजल्यावर, किंवा उडताना विजेच्या तारांना धडकून.

बडोदा शहरात काठाचा प्रश्न अधिक कठीण होतो. सुरसागर तलावाला चहूबाजूंनी बांधीव भिंत आहे. पाणी आहे, पण पाय टेकायला उथळ कड नाही. विश्वामित्री नदीचं पात्र अजून बरंचसं मातीचं आहे, आणि म्हणूनच तिथे मगरी आहेत. २०२० मध्ये २७५ मगरी मोजल्या गेल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये ४४२. दरम्यान ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर चढली आणि तीन दिवसांत वस्त्यांतून २४ मगरी पकडाव्या लागल्या.

४४२ हा आकडा नदीच्या आरोग्याचा दाखला मानला जातो, तेव्हा काळजी वाटते. मगर चिवट आहे. गढूळ, घाण पाण्यातही ती जगते, मेलेली जनावरं खाते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. तिचं अडतं ते एकाच गोष्टीसाठी: अंड्यांसाठी लागणारा उतरता मातीचा काठ. २०२१ च्या निकालात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पूरक्षेत्र आखून नदीचा कृती आराखडा राबवण्याचा आदेश दिला. २०२४ च्या पुरानंतर पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम निघालं, आणि ते २०२५ च्या उन्हाळ्यात झालं. पुरात घर बुडालेल्यांना ते हवंच होतं. पण मगरीच्या अंड्यांचा हंगामही नेमका तोच.

पाण्याच्या रेषेच्या वर मादी मातीत खड्डा करून अंडी पुरते आणि जवळपास दोन महिने आसपास राखण करते. पावसाच्या तोंडावर आतून पिल्लांची बारीक चिवचिव सुरू होते. ती ऐकून मादी पंजांनी माती उकरते, एकेक पिल्लू जबड्यात अलगद उचलते आणि पाण्यात नेऊन सोडते. काळा घोडा पुलावरून रोज हजारो बडोदेकर जातात, आणि त्याच नदीच्या काठावर, त्यांच्यापासून फार दूर नाही अशा जागी, हे सगळं चाललेलं असतं.