काटा कुणाच्या हातात?

हिंगोलीच्या मोंढ्यात आपण हळद घेऊन जातो. पोती काट्यावर चढतात. त्या वेळी आपली नजर कुठे असते? काट्यावर असते. काटा खरा असला म्हणजे आपले मन निवांत राहते. पण समजा, माल घेणाराने स्वतःच काटा आणला, स्वतःच लावला आणि वजनही स्वतःच वाचले, तर? तो माणूस लबाडच असेल असे नाही. तरी आपण म्हणूच, "थांबा शेटजी, एकदा दुसऱ्या काट्यावर घालून बघू."

शास्त्रीय संशोधन हाही एक काटा आहे. कोणती वस्तू अंगाला चांगली, कोणती घातक, कोणते बियाणे टिकणारे, कोणते औषध बाधणारे, हे त्या काट्यावर तोलले जाते. त्या काट्यावर पैशाचे आणि राजकारणाचे बोट कसे पडते, ते या पाठात पाहू. उदाहरण आपल्या खिशातल्या चंचीतलेच घेऊ. ते म्हणजे तंबाखूचे.

संशोधन म्हणजे काय?

"आमचा आजा नव्वद वर्षे जगला. जन्मभर विडी ओढली. त्याला कुठं काय झालं?" असे पारावर कोणीतरी म्हणतोच. त्याचे म्हणणे खोटे नसते. असे आजे असतात. पण एका माणसावरून सगळ्या गावाचा हिशेब होत नाही. एखाद्याने उशिरा पेरले आणि तरी त्याला पीक आले, म्हणून सगळ्यांनी उशिरा पेरावे असे आपण म्हणतो का?

म्हणून शास्त्रज्ञ मोजतात. रोग झालेली पुष्कळ माणसे घेतात. तो रोग नसलेलीही पुष्कळ माणसे घेतात. दोघांना सारखेच प्रश्न विचारतात. विडी ओढता का? तंबाखू खाता का? किती वर्षे? मग दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडतात. रोग्यांमध्ये तंबाखूवाले फार जास्त निघाले, तर संशय येतो. मग दुसरे शास्त्रज्ञ दुसऱ्या मुलखात पुन्हा मोजतात. तिथेही तेच निघाले म्हणजे संशय जातो आणि खात्री पटते.

१९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल या दोघांनी लंडनच्या रुग्णालयांत असेच मोजले. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा जवळचा संबंध त्यांना आढळला. अमेरिकेतही त्याच साली तसेच दिसून आले.

आपल्याकडे मुंबईला परळ भागात टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. कर्करोगाचे हे मोठे रुग्णालय. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईतले कर्करोगाचे नामांकित शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि डॉ. सांघवी व डॉ. राव यांनी मुंबईच्या रोग्यांची अशीच तपासणी केली. ओढण्याची तंबाखू आणि खाण्याची तंबाखू, दोन्हींचा विचार केला. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी तंबाखूचा संबंध त्यांनी दाखवला. हा लेख १९५५ साली छापला गेला. हे साल ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

कंपन्यांची युक्ती

सिगारेटीच्या कंपन्या घाबरल्या. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे मालक न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांचे निवेदन छापून आले. लोकांचे आरोग्य आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, असे त्यात होते. संबंध अजून सिद्ध झालेला नाही, आम्ही स्वतः पैसे देऊन संशोधन करवू, असेही होते.

ऐकायला किती चांगले! पण त्या पैशाचा डाव निराळा होता. "तंबाखू निर्दोष आहे" हे सिद्ध करण्याची कंपन्यांना गरजच नव्हती. "अजून नक्की सांगता येत नाही" एवढे लोकांच्या मनात राहिले तरी त्यांचा धंदा चालत होता. कर्करोग अनुवंशाने होतो का, आणखी कशाने होतो का, अशा इतर विषयांच्या संशोधनाला त्यांनी पैसा पुरवला. त्यातले काही काम खरेही असेल. पण सगळ्यांचे लक्ष तंबाखूवरून दुसरीकडे वळले. १९६९ साली एका कंपनीच्या आतल्या कागदात तर स्पष्टच लिहिले होते की, शंका हाच आपला विकायचा माल आहे.

दुसरी एक गोष्ट पाहा. तंबाखूत निकोटीन नावाचा पदार्थ असतो. त्याने तलफ लागते. १९६३ साली एका कंपनीच्या वकिलाने आतल्या कागदात लिहिले होते की, निकोटीनची सवय जडते आणि आपण तेच विकतो. तो कागद कपाटात राहिला. १९९४ साली त्या कंपनीसह सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकेच्या संसदेपुढे आले. त्यांनी शपथेवर सांगितले की, निकोटीनची सवय जडते असे आम्हांला वाटत नाही! त्याच सुमारास आतले कागद बाहेर आले आणि पितळ उघडे पडले. शेवटी २००६ साली अमेरिकेच्या न्यायालयाने निकाल दिला की, कंपन्यांनी कित्येक दशके लोकांना फसवले.

१९५० ते २००६. छप्पन्न वर्षे झाली. तेवढ्या काळात किती माणसे गेली असतील!

आपल्या देशात काय झाले?

हे झाले परमुलखाचे. आता घरचे पाहू.

तंबाखूच्या पाकिटावर रोगाचे चित्र असते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा म्हणून ते असते. पूर्वी हे चित्र लहान होते. पाकिटाच्या पुढच्या बाजूवर ४० टक्के एवढेच. सरकारने २०१४ साली ठरवले की, चित्र दोन्ही बाजूंना ८५ टक्के असावे. १ एप्रिल २०१५ पासून ते लागू व्हावयाचे होते.

पण संसदेच्या एका समितीने म्हटले, थांबा. समितीचे अध्यक्ष होते आपल्याच महाराष्ट्रातले, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. ते म्हणाले की, तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारे संशोधन परदेशातले आहे, भारतात असा अभ्यास झालेला नाही. विड्यांच्या धंद्यावर कोट्यवधी लोकांचे पोट आहे, असेही ते म्हणाले. त्याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते. त्यांचा स्वतःचा विड्यांचा मोठा कारखाना होता. ते म्हणाले, एकामागून एक विड्या ओढणारी आणि तरी ठणठणीत असलेली कितीतरी माणसे मी तुमच्यापुढे उभी करीन.

पारावरचा आजा आठवला ना? तोच आजा आता दिल्लीला जाऊन बसला!

आता १९५५ हे साल आठवा. भारतात अभ्यास झाला नाही, असे म्हणणाराच्या साठ वर्षे आधी तो मुंबईत झाला होता. पुढेही पुष्कळ झाले. १९९१ पासून मुंबईतल्या सुमारे दीड लाख माणसांची नोंद करून पुढे कोण, कशाने मेले ते पाहिले गेले. विडीदेखील सिगारेटीइतकीच वाईट, किंबहुना जास्तच, असे त्यात निघाले. २००८ साली देशभरातल्या ११ लाख घरांच्या पाहणीचा निष्कर्ष छापला गेला. विडी-सिगारेटीच्या धुरामुळे आपल्या देशात वर्षाला सुमारे १० लाख माणसे मरतील, असा त्यात हिशेब होता. हे काम भारताच्या जनगणना खात्याच्या मदतीने झाले होते. कागद होते. ते बघावयाचे नव्हते.

त्या खासदारांनी कोणाकडून पैसे घेतले, असे इथे म्हणावयाचे नाही. मुद्दा तो नाही. ज्याचा कारखाना त्यानेच कारखान्याच्या मालाचा न्याय करावयास बसणे, हीच चूक. हळद घेणाराच्या हातात काटा देण्यासारखे ते आहे.

विडी कामगारांच्या पोटाचा प्रश्न मात्र खरा आहे. सोलापूरकडे कितीतरी बाया विड्या वळून घर चालवतात. त्यांना दुसरे काम मिळावे, योग्य मजुरी मिळावी, यासाठी सरकारने झटलेच पाहिजे. पण त्यांच्या पोटासाठी रोगाचा आकडा बदलत नाही. पोटाचा प्रश्न वेगळा आणि रोगाचा प्रश्न वेगळा. दोन्ही एकत्र कालवले की दोन्ही बुडतात.

मोठे चित्र १ एप्रिल २०१५ ला आले नाही. सरकारी जाहिरातीत एक तरुण बाई आपले कर्करोगाने बिघडलेले तोंड दाखवून लोकांना तंबाखूपासून सावध करीत असे. चित्रे लांबणीवर पडली म्हणून तिने प्रधानमंत्र्यांना पत्र लिहिले होते. ती बाई त्याच दिवशी, १ एप्रिल २०१५ ला वारली. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, लोक न्यायालयात गेले. अखेर १ एप्रिल २०१६ पासून मोठी चित्रे सुरू झाली. एक पुरे वर्ष गेले. ते कुणाच्या फायद्यात गेले, याचा आपणच विचार करावा.

मग विश्वास ठेवायचा कुणावर?

इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. "सगळेच शास्त्रज्ञ विकले गेलेत, कुणाचंच खरं नाही," असे काही जण म्हणतात. हीच तर कंपन्यांची इच्छा होती! माणूस असे म्हणू लागला की तो पुन्हा पुडी फोडतो. ध्यानात घ्या, लबाडी उघडी पडली ती दुसऱ्यांनी पुन्हा पुन्हा मोजले म्हणूनच. एक काटा खोटा निघाला म्हणून आपण वजन करणे सोडत नाही.

आपल्या दारी बियाण्याचा माणूस येतो, फवारणीच्या औषधाचा येतो. रंगीत कागद देतो. "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय," म्हणतो. त्याला चार प्रश्न विचारा.

१. हे संशोधन कुणाच्या पैशाने झाले?
२. असे उत्तर आले तर फायदा कुणाचा?
३. किती शेतांवर, किती माणसांवर, किती वर्षे पाहिले?
४. ज्याचा यात फायदा नाही अशा दुसऱ्या कुणी ते पडताळले आहे का?

उत्तर मिळाले नाही तर घाई करू नका. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. तिथे जाऊन विचारा. तिथेही हेच चार प्रश्न विचारा. त्यात संकोच कसला? सरकारी माणसालाही प्रश्न विचारता येतो.

२०१६-१७ सालच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर १०० मोठ्या माणसांत सुमारे २७ जण तंबाखू ओढणारे किंवा खाणारे निघाले. यात मशेरी लावणाऱ्या माय-बहिणीही येतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात घट्ट होतात ही समजूत खोटी आहे.

ज्याला तंबाखू सोडावयाची आहे त्याच्यासाठी सरकारचा फुकट दूरध्वनी आहे : १८००-११-२३५६. हा क्रमांक पाकिटावरही छापलेला असतो. तुमच्या हाती पाकीट आले तर उलटून पाहा. ते मोठे चित्र बघा, खालची अक्षरे वाचा. आता आपल्याला वाचता येते. त्या चित्राची जागा मिळवण्यासाठी पुष्कळांना झगडावे लागले आहे.