पीळ दिला की दोरा, कडी अडकली की साखळी

वऱ्हाडात सगळ्यांत ठसठशीत गळ्यातलं कोणाच्या गळ्यात असतं, सांगा पाहू? ताईच्या? मामीच्या? चूक! बैलाच्या. पोळ्याच्या दिवशी अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही गावात तोरणाजवळ जाऊन उभे राहा. घुंगरमाळा, कवड्यांच्या माळा, रंगीबेरंगी गोंडे... एकेक जोडी अशी नटून येते की नवरदेवानं लाजावं. आणि जरा जवळ जाऊन बघितलंत (मालकाला विचारून, आणि शिंगांपासून लांब राहून!), तर त्या सगळ्या थाटामध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतील. धातू आणि दोरा.

आज आपल्यालाही तेच करायचंय, फक्त आपल्या गळ्याच्या मापाचं. एक साखळी घ्यायची, सुती दोरा घ्यायचा आणि दोघांना एकमेकांत गुंफून भरगच्च गळ्यातलं बनवायचं. यातलं काहीही आणायला वऱ्हाडाबाहेर जावं लागत नाही. कापूस तर आपल्या काळ्या मातीचाच. आणि धातू म्हणाल, तर अकोल्याहून पन्नासेक किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात खामगाव आहे. चांदीच्या व्यापारामुळे त्याला लोक ‘रजतनगरी’ म्हणतात. आपण मात्र चांदीच्या वाटेला जायचं नाही हं. बांगड्यांच्या दुकानात मिळणारी मोठ्या कड्यांची स्टीलची किंवा पितळेची साखळी पुरे. का, ते घरी चांदीचा भाव विचारलात की कळेल.

पण हात चालवायच्या आधी थोडं डोकं चालवू. दोरा तुटत का नाही?

हा काय प्रश्न झाला, म्हणाल. बरं, मग एक काम करा. सरकीसकट कापूस मिळवा. वेचणीच्या दिवसांत तो वऱ्हाडात कुठंही मिळेल. त्यातली एकच सरकी घ्या आणि तिच्यावरचे केस चिमटीनं हळूहळू ओढा. हातात जो पांढरा झुबका येईल, त्यातला एक तंतू वेगळा करून उजेडात धरा. दिसतोय ना जेमतेम? आपल्या डोक्यावरच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच त्याची जाडी. लांबी मात्र अडीच-तीन सेंटिमीटर.

आता नवल ऐका. हा अख्खा तंतू म्हणजे एक पेशी आहे. एकच! आपल्या गालाच्या आतल्या पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. तसल्या चार-पाचशे पेशी एका ओळीत मांडल्या, तर कुठं या एका पेशीएवढी लांबी होईल. कपाशीला फूल लागतं, त्याच सुमारास बीच्या सालीवरच्या काही पेशी फुगून बाहेर डोकावतात आणि लांब व्हायला लागतात. साधारण तीन आठवडे त्या नुसत्या लांबच होत जातात. नंतर आतून सेल्युलोजचे थरावर थर चढतात. फुलापासून दीड-दोन महिन्यांनी बोंड फुटतं, पेशीतलं पाणी उडून जातं आणि इतके दिवस गोल नळीसारखी असलेली पेशी चपटी होऊन स्वतःभोवतीच वळते. सूक्ष्मदर्शकाखाली ती पिळलेल्या रिबिनीसारखी दिसते. एका सरकीवर असे हजारो तंतू असतात. तुमच्या अंगातल्या सुती शर्टात मग किती असतील? काही कोटी. म्हणजे आपण सगळे रोज कोट्यवधी वाळलेल्या पेशी अंगावर घालून शाळेत जातो!

आता तो झुबका दोन्ही हातांनी ओढा. सुटला ना लगेच? जोरसुद्धा लावावा लागला नाही. तेवढाच दुसरा झुबका घ्या, थोडा लांबवा आणि आजी समईची वात वळते तसा मांडीवर घोळवून त्याला पीळ द्या. आता ओढा. अरेच्चा! कापूस तोच, तंतू तेवढेच. ना गोंद लावला, ना गाठ मारली. मग एवढी ताकद आली कुठून?

आली घर्षणातून. पीळ दिला की प्रत्येक तंतू शेजारच्यांभोवती वळसे घेतो. दोरा ओढला की हे वळसे आवळले जातात, आतले तंतू एकमेकांवर दाबले जातात, आणि दाब वाढला की घर्षणही वाढतं. म्हणजे तुम्ही जितकं जोरात ओढाल, तितके तंतू एकमेकांना घट्ट धरणार. ज्या ताकदीनं दोरा तुटायचा, तीच ताकद त्याला पक्का करते. मला विचाराल तर माणसानं लावलेल्या सगळ्या शोधांत पिळाचा नंबर फार वरचा आहे. चाकाचं कौतुक सगळे करतात, पिळाचं कोणी करत नाही.

तंतू आखूड असेल तर शेजाऱ्याला धरायला त्याच्याकडे जागाही कमी असते, म्हणून पीळ जास्त द्यावा लागतो. वऱ्हाडातल्या जुन्या देशी कापसाचा तंतू असाच आखूड होता. तरी त्याच्यावाचून सातासमुद्रापलीकडे अडलं होतं बरं! 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडमधल्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा आपल्याकडचा कापूस मुंबईमार्गे जहाजांत बसून लिव्हरपूलला गेला. तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याला नाव दिलं होतं ‘उम्रा’, म्हणजे आपल्या उमरावतीचा, अमरावतीचा कापूस. पुढे 1870 मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी खास रेल्वेचा फाटा टाकला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. कापसाचा मान तेवढा होता! आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कापसाच्या नव्या वाणांवर संशोधन चालतं. त्यात उत्पन्न आणि रोगराई यांच्याबरोबर तंतू किती लांब, किती मजबूत, हेही पाहिलं जातं.

पिळाची आणखी एक खोडी दाखवतो. हातभर दोरा घ्या, एक टोक दाराच्या कडीला बांधा आणि दुसरं टोक चिमटीत धरून पिळत राहा, पिळत राहा. दोरा चांगला ताठ झाला की मधोमध बोट ठेवा, दोन्ही टोकं एकत्र आणा आणि बोट काढून घ्या. गर्रकन् दोन्ही पदर एकमेकांभोवती वळतील, तेही उलट्या दिशेनं. सोडले तरी पुन्हा सुटायचे नाहीत. कारण प्रत्येक पदराला आपला पीळ उलगडायचा आहे, पण एकाचा पीळ उलगडला की दोघांचा मिळून पीळ वाढतो. दोघांचं भांडण बरोबरीत सुटतं आणि दोरा शांत बसतो. बैलाचा कासरा घ्या नाहीतर शिवणाचा दोरा घ्या, सगळीकडे हेच भांडण लावून दिलेलं असतं.

साखळीला मात्र असलं काही लागत नाही. ना पीळ, ना घर्षण. एक कडी दुसरीत अडकली, तिसरी दुसरीत, बस्स. कडी वाकत नाही, पण साखळी कुठंही वाकते, कारण वाकणं दोन कड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होतं. आणि तिला वजन असतं. हे वजन आपल्या फार कामाचं. नुसता दोरा गळ्यात घातला तर तो इकडे फुगतो, तिकडे चुरमडतो. साखळी दोन टोकांनी धरा, कशी सुरेख झुलते! त्या झोक्याच्या आकारानं मोठमोठ्या लोकांना चकवलंय. 1638 च्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओनं तो पॅराबोलासारखा, म्हणजे फेकलेला चेंडू ज्या वाटेनं जातो तसा, असल्याचं लिहिलं होतं. तो जवळपास तसा असतो, पण अगदी तसा नसतो. खरं गणित 1691 मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली या तिघांनी मांडलं. त्याच्या आधीच रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं सांगून ठेवलं होतं की लोंबणाऱ्या साखळीचा आकार जसाच्या तसा उलटा करा, भक्कम कमान उभी राहील. साखळी भिंतीवरच्या कागदासमोर धरून पेन्सिलीनं आकार काढा, कागद उलटा करा आणि बघा.

चला, आता गुंफायला बसू. साखळी साधारण चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर घ्या. दोरा भरतकामाचा, सहा पदरी, तीन रंगांचा. वेणी घातली की लांबी कमी होते, म्हणून दोरा साखळीच्या दीडपट कापा. प्रत्येक रंगाचे पाच-सहा दोरे एकत्र घेऊन एक जाड पेड करा. असे तीन पेड झाले की त्यांची टोकं साखळीच्या पहिल्या कडीला बांधा आणि ती कडी उशीला सेफ्टी पिननं अडकवा. साखळी उजव्या हाताला सोडा आणि डाव्या बाजूला नेहमीची तिपेडी वेणी घालायला घ्या. फरक एवढाच की उजवा पेड मध्ये आणायची पाळी आली की आधी तो साखळीच्या पुढच्या कडीतून ओवायचा, मग मध्ये आणायचा. पुढच्या पाळीला पुढची कडी. कड्या लहान असतील तर एकाआड एक घ्या. पहिल्या चार-पाच कड्या डोकं खातील, घरातलं कोणीतरी ‘हे कायले करून रायले बाप्पा?’ असंही विचारेल. लक्ष देऊ नका. बोटांना एकदा चाल सापडली की गप्पा मारता मारता होतं.

दोरा फार आवळू नका. दोरा थोडा ताणतो, दाबला तर दबतो. साखळी यातलं काहीच करत नाही. वेणी आवळून साखळीपेक्षा आखूड झाली की सगळी पट्टी वेणीच्या बाजूला वाकायला लागते. पण थांबा, गळ्यातलं वाकायलाच तर हवंय ना! साखळी बाहेरच्या बाजूला आणि वेणी मानेच्या बाजूला ठेवली तर हाच दोष उपयोगी पडतो, कारण बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असावीच लागते. किती लांब? गळ्याभोवती सपाट बसणारी, पूर्ण गोल, एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी धरली तर सुमारे 6.3 सेंटिमीटर. आता सांगा, पोळ्यातल्या धिप्पाड बैलाच्या मानेभोवती तशीच एक सेंटिमीटरची पट्टी बसवली तर फरक किती येईल? खूप जास्त? नाही! तेवढाच, 6.3. पृथ्वीभोवती बसवलीत तरी तेवढाच. वर्तुळाचा परीघ म्हणजे दोन गुणिले पाय गुणिले त्रिज्या. त्रिज्या एक सेंटिमीटरनं वाढली की परीघ दोन पायनं वाढणार, मूळ वर्तुळ केवढं का असेना. विश्वास बसत नसेल तर कंपासपेटी काढा.

आता राहिली मागची बाजू. इथं हूक लावू नका. पूर्वी, आणि काही ठिकाणी आजही, दागिने ओवून गुंफून देणारे पटवेकरी असत. ते ठुशीसारख्या दागिन्याला मागे दोरा आणि गोंडा लावून देत, म्हणजे गळा लहान असो की मोठा, दागिना हवा तसा घट्ट-सैल करता येई. आपणही तसंच करू. दोन्ही टोकांना वीतभर दोरा राहू द्या. डाव्या दोऱ्यानं उजव्याभोवती दोन वेढे देऊन गाठ मारा आणि उजव्यानं डाव्याभोवती. गाठी हातानं सरकवल्या की सरकतात, पण गळ्यातल्याचं वजन पडलं की दोऱ्याला आवळून बसतात. ओळखलंत ना कोण कामाला आलं? पुन्हा घर्षण.

एक गोष्ट खरंच महत्त्वाची. स्वस्त साखळ्यांमध्ये पुष्कळदा निकेल असतं आणि काहींच्या कातडीला ते चालत नाही. तिथं लाल होतं, खाज सुटते. मानेला जिथं साखळी टेकते, तिथं तिच्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे द्या. घामानं दोरा मळेल, मळू द्या. कोमट पाण्यात साबणानं धुता येतो. पाण्याची भीतीही नको. कापसाचा तंतू ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त मजबूत होतो, हे फार थोड्या तंतूंना जमतं. धुतल्यावर टांगू मात्र नका. साखळीच्या वजनानं ओली वेणी ताणून लांब होईल. टॉवेलवर आडवं ठेवून वाळवा आणि स्टील नसेल तर साखळी लगेच कोरड्या फडक्यानं पुसा.

आणि हो, सायकल चालवताना, झाडावर चढताना, झोपताना ते गळ्यातून काढून ठेवा. धाकट्या भावंडांच्या गळ्यात तर घालूच नका. बाजारातली नाजूक चेन कुठं अडकली तर पटकन तुटते. तुम्ही केलेलं हे गळ्यातलं तुटणार नाही.