लेखाशीर्षाबाहेरचे समाजकार्य

महाराष्ट्राला स्वयंसेवेची परंपरा नवी नाही. पूर असो वा दुष्काळ, माणसे मदतीला धावतात आणि समाज त्यांचे कौतुकही करतो. परंतु समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या मदतीस जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या वाट्याला हे कौतुक क्वचितच येते. पुष्कळदा आपल्या कामाचे खरे स्वरूप त्याला घरीदेखील सांगता येत नाही.

या संकोचामागे केवळ लोकलज्जा नव्हती. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने ‘हमसफर ट्रस्ट’ आणि पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांच्या पुढाकाराने ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन झाला, तेव्हा भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाची टांगती तलवार कायम होती. जुलै २००१ मध्ये लखनौत एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या चौघा कार्यकर्त्यांना याच कलमाखाली अटक झाली; त्यांना ४७ दिवस तुरुंगात काढावे लागले. सार्वजनिक आरोग्याला ज्या कामाची निकड होती, तेच पोलिसांच्या लेखी गुन्हा ठरले! दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले.

कायद्याची भीती ओसरली. कामाचा भार मात्र हलका झाला नाही. एड्स-नियंत्रणासाठी अनुदान मिळते, कारण किती जणांची तपासणी झाली हे मोजता येते. पण घराबाहेर काढलेल्या मुलाचे ऐकून घेणे, लग्नाची सक्ती होत असलेल्या मुलीला वकील गाठून देणे, हवालदिल आईवडिलांची समजूत घालणे, या श्रमांची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? जे मोजता येत नाही त्याला लेखाशीर्ष मिळत नाही. मग ते नोकरी सांभाळून येणाऱ्या स्वयंसेवकांच्या माथी पडते.

वस्तुतः ही जबाबदारी कुटुंबाची, शिक्षणसंस्थांची आणि शासनाची आहे. लैंगिक कलावरून भेदभाव न होता मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. तो कागदावर राहू नये, यासाठी महाविद्यालयांत प्रशिक्षित समुपदेशक हवेत, आणि वर्गात एखाद्या मुलाच्या चालण्याबोलण्याची टिंगल होऊ लागताच ती थांबविणारे शिक्षकही हवेत. तोवर हे मूठभर स्वयंसेवक जे करीत आहेत, ते दान नव्हे. समाजाने थकविलेले देणे ते आपल्या पदरचे फेडीत आहेत.