चपळ काम आणि मुकादमाची नजर



आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत, त्याची पदवी आमच्यापाशी नाही. कामगारांच्या सभांतून आणि रात्रीच्या वाचनातून जे कळले, तेवढेच आमचे भांडवल. परंतु संगणकापुढे बसणारी मुलेही पगारावर राबणारी माणसेच आहेत. तेव्हा त्यांच्या कामाची रीत समजून घेणे हे आमचे कर्तव्य ठरते.

या रीतीला 'अजाइल', म्हणजे चपळ, असे म्हणतात. पूर्वी सॉफ्टवेअर धरणासारखे बांधीत. आधी संपूर्ण आराखडा, मग बांधणी, अखेरीस चाचणी. माल गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत पुष्कळदा त्याची गरजच पालटलेली असे. यावर उपाय म्हणून २००१ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे, १७ जाणकार जमले व त्यांनी एक लहानसा जाहीरनामा काढला. ठरीव पद्धती व साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद अधिक मोलाचा, हे त्यातले पहिले सूत्र.

'स्क्रम' ही यातली विशेष रूढ पद्धत. नाव रग्बीच्या खेळातले. काम महिन्याभराच्या किंवा त्याहून लहान टप्प्यांत वाटायचे, टप्प्याच्या अखेरीस चालती वस्तू दाखवायची, कोठे चुकले याचा सर्वांनी मिळून विचार करायचा आणि रोज १५ मिनिटे एकत्र जमायचे. आता ही १५ मिनिटे कोणासाठी? काम करणाऱ्यांनी आपसात दिवसाची आखणी करावी, यासाठी. परंतु व्यवहारात काय होते?

आमच्या परिचयाची एक मुलगी एका कचेरीत असे काम करते. तेथे सारे साहेबाकडे तोंड करून हजेरी दिल्यासारखे बोलत. तिला एक दोष सापडत नव्हता. तीन दिवस तिने "काम चालू आहे" एवढेच सांगितले. चौथ्या दिवशी चहा पिताना शेजारच्याला बोलली आणि अर्ध्या तासात गाठ सुटली. ती तीन दिवस कामचुकारपणा करीत नव्हती, ती भीत होती. भीतीच्या पोटी अडचण लपते आणि लपलेली अडचण वाढते.

जपानात टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढीत असे. मुकादम मदतीला धावे. दोष निघाला नाही तर सारी रांग थांबे. दोरी ओढणाऱ्याला दटावले असते, तर दुसऱ्या दिवशी ती कोणी ओढली असती?

दुसरा प्रश्न, किती काम घ्यायचे हे कोण ठरवतो? एका टप्प्यात किती काम पेलेल हे करणाऱ्यांनीच ठरवावे, असा स्क्रमचा नियम आहे. त्यासाठी कामाला गुण देऊन अंदाज बांधतात. पण व्यवस्थापक याच गुणांनी एका संघाची दुसऱ्याशी तुलना करू लागला, की अंदाजाची उक्ती मजुरी होते. मग संघही गुण फुगवून सांगतो. कागदावर वेग वाढतो, काम तेवढेच राहते. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला, त्याच्या कारणांत विणकराने दोनांऐवजी तीन माग चालवावेत हा आग्रहही होता. माग बदलले, प्रश्न तोच आहे.

सर्वांना अखंड पेलेल अशाच गतीने काम चालावे, हे त्या जाहीरनाम्यासोबतच्या १२ तत्त्वांपैकी एक आहे. रात्रीची जागरणे त्यात बसत नाहीत.

व्यवस्थापकांना आमचे सांगणे असे: त्या १५ मिनिटांत हिशेब मागू नका, अडसर कोठे आहे ते ऐका आणि तो दूर करा. मुलांना सांगणे असे: शेजारी अडला असेल तर आपले काम क्षणभर बाजूला ठेवा आणि आपण अडलात तर पहिल्याच दिवशी बोला. खरे बोलणाऱ्याला शिक्षा होते तेथे चपळपणा नावापुरताच उरतो.