मांसाच्या विरजणाचा मागोवा

मांसाला मीठ लावून ते आतड्यात ठासावे आणि टांगून वाळवावे, ही युरोपातील वहिवाट शतकानुशतकांची. परंतु तीतून कधी कधी उद्भवणाऱ्या प्राणघातक विषाची शास्त्रशुद्ध मीमांसा प्रथम केली ती १८२० नंतरच्या दशकात, व्युर्टेम्बर्गमधील कवी आणि वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी. पुढे १८९५ साली बेल्जममधील एलझेल गावी अंत्यविधीस आलेल्या वादकांना खारवलेल्या मांडीच्या मांसातून विषबाधा झाली, तेव्हा व्हान एर्मेंगेम यांनी त्या विषाचा जनक असलेला जंतू शोधून काढला.

शत्रू असा दफ्तरी दाखल झाला, तरी मांस आंबविण्याचे काम दैवाधीनच राहिले. कारण विरजण म्हणून आदल्या खेपेचे मांस नव्यात मिसळताना हितकर जंतूंबरोबर अहितकर जंतूही बेमालूम पुढे चालत. १९४० साली अमेरिकेत जेन्सन आणि पॅडॉक यांनी लॅक्टोबॅसिलस या जंतूच्या शुद्ध विरजणाचे पेटंट मिळविले, आणि १९५५ च्या सुमारास फिनलंडमध्ये निइनिवारा यांनी मायक्रोकॉकसचा, तर अमेरिकेत निव्हेन यांनी पेडियोकॉकसचा पुरस्कार केला.

या जंतूंचे कर्तृत्व थोर आहे. स्टॅफिलोकॉकस या अहितकर जंतूचे विष उकळूनही नष्ट होत नसल्यामुळे ते निर्माणच होऊ न देणे हाच त्यावरचा खरा उपाय होय, आणि विरजण मांसाचा सामू त्वरेने ५.३ पर्यंत वा त्याखाली उतरवून तोच साधते. लॅक्टोबॅसिलस साकेईच्या काही जाती तर लिस्टेरिया या घातक जंतूचा संहार करणारी प्रथिनेही स्रवतात. १९७२ मध्ये जर्मनीतील कुल्मबाख येथे मिन्ट्सलाफ आणि लाइस्टनर यांनी पेनिसिलियम नाल्जिओव्हेन्स या बुरशीची निर्विष जात निवडली, ती याचसाठी की सॉसेजच्या पृष्ठभागाचा ताबा तिने आधीच घ्यावा आणि विषारी बुरशांना तेथे थारा मिळू नये.

तथापि १९९४ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सलामीतून आणि १९९५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात मेटवुर्स्ट या सॉसेजमधून घातक ई. कोलायची साथ उद्भवली. ऑस्ट्रेलियात अनेक मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली व एक बालिका दगावली. हा जंतू आम्लता सोसतो आणि त्याचे बाह्य आवरण त्या संहारक प्रथिनांना सहसा दाद देत नाही. म्हणूनच अमेरिकी सरकारने असा दंडक घातला की, उत्पादनाच्या प्रक्रियेत या जंतूंची संख्या एक लक्ष पटीने घटते हे कारखानदाराने सिद्ध करून द्यावे.

एवढ्या काळाचा निष्कर्ष स्पष्ट आहे: विरजण हा मांसाचा विश्वासू रक्षक खरा, परंतु कत्तलखान्यातील स्वच्छता, तापमानाची दक्षता आणि आम्लतेची रोजची नोंद यांचा भार त्याच्यावर टाकण्याचा अधिकार कोणत्याही उत्पादकास नाही.